गोव्यातून कॉन्सर्टच्या मंचापर्यंत: व्हायोलिनवादक घडतो कसा

गोव्यात मूल व्हायोलिन शिकू लागलं की घरच्यांचा एक हिशेब पक्का होतो. ब्रिटिश संगीत मंडळांच्या परीक्षांची पहिली ग्रेड, मग दुसरी, असं करत आठवी. आणि आठवी झाली की परदेश. हा हिशेब चुकतो, आणि वेळीच दुरुस्त केला नाही तर हुशार मुलाचीही पाच-सहा वर्षं वाया जातात. चांगल्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला जे वाजवायला लागतं ते आठव्या ग्रेडच्या बरंच पुढचं असतं. तिथवर अठराव्या वर्षी पोचायचं तर हात चौदाव्या वर्षापर्यंत तयार हवा, म्हणजे तो इथेच, पणजी-मडगाव-फोंड्यातच तयार व्हायला हवा. परदेशातलं कॉलेज तयार हात निवडून घेतं आणि त्यावर काम करतं. अठराव्या वर्षी नव्याने हात बसवून देण्याइतका वेळ तिथे कुणाकडे नसतो.

गोव्याला हे वाद्य नवीन नाही. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून कित्येक पिढ्या सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकल्या. मुंबईच्या सिनेमासंगीतातले व्हायोलिनचे ताफे मोठ्या प्रमाणात गोवेकरांनी उभे केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. आंतोनियो फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत सुरू केलेल्या संगीत अकादमीची परंपरा पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चालू राहिली. मराठी घरांत मात्र व्हायोलिन म्हटलं की आधी आठवतात श्रीधर पार्सेकर, गजाननबुवा जोशी, म्हणजे रागसंगीताचं व्हायोलिन. अशा घरातलं मूल जेव्हा पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन धरतं, तेव्हा काही गोष्टी त्याच्या बाजूने असतात आणि काही आड येतात. त्याकडे पुढे येऊच.

ग्रेड नेमकं काय मोजते

या मंडळांपैकी एबीआरएसएमची प्रात्यक्षिक परीक्षा १५० गुणांची असते. तीन तुकड्यांना प्रत्येकी ३०, स्केल्स-अर्पेजिओंना (आरोह-अवरोहाच्या सरावांना) २१, न पाहिलेलं वाचून वाजवायला २१ आणि कानाच्या परीक्षेला १८. शंभरला पास, १२०ला मेरिट, १३०ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाची रचना वेगळी आहे: शंभरपैकी ६०, ७५ आणि ८७. दोन्ही परीक्षा प्रामाणिक आहेत. शिस्त लावतात, वाचन सुधारतात. पण त्यांचा वाईट वापर कसा होतो ते पाहा. स्केल्सना १५०पैकी २१च गुण, म्हणून त्या शेवटच्या महिन्यात घोकल्या जातात. वर्षभर तेच तीन तुकडे चालू राहतात. मूल आठव्या ग्रेडपर्यंत येतं तेव्हा त्याच्या हाताखालून सगळे मिळून पंचवीसेक तुकडे गेलेले असतात. त्याच वयाच्या, कॉन्सर्टच्या वाटेवरच्या मुलाने तोवर शंभराच्या वर एत्यूद आणि सात-आठ कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्याने वाजवायच्या मोठ्या रचना) वाजवून सोडून दिलेले असतात.

एत्यूद म्हणजे एकेका कौशल्यासाठी लिहिलेला सरावाचा तुकडा. त्यांचा क्रम जगभर जवळपास एकच आहे: वोलफार्ट ओपस ४५, काइझर ओपस २०, मझास ओपस ३६, मग क्रॉयट्झरचे ४२, त्यानंतर रोदचे २४ काप्रिस (एकट्या व्हायोलिनचे छोटे, अवघड तुकडे), दोन्त ओपस ३५ आणि शेवटी पगानिनीचे २४. त्याच्या जोडीने कॉन्चेर्तो चढत जातात. विवाल्दीचा ए मायनर, अकोले, बाखचा ए मायनर, व्हियोत्तीचा बाविसावा, मोझार्टचा तिसरा, ब्रुखचा जी मायनर, लालो, मेंडेल्सोन आणि मग चायकोव्हस्की, सिबेलियस, ब्राम्स. गोव्यात सर्रास होणारी चूक म्हणजे विवाल्दीवरून थेट मेंडेल्सोनवर उडी. पहिलं पान वाजतं, पाहुणे खूश होतात. पण मधल्या क्रॉयट्झरने जे शिकवलं असतं, म्हणजे पोझिशन (तारेवरची हाताची जागा) बदलताना अंगठा आधी सैल सोडणं, दोन तारा एकदम वाजवताना बोटांचा दाब समान ठेवणं, ते राहून जातं. मग त्याच कॉन्चेर्तोतल्या ऑक्टेव्हच्या ओळीत हात आवळतो, आणि आवळलेला हात सोडवायला पुढे दोन वर्षं जातात.

बोटाखालचा एक मिलिमीटर

पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत (तारा पेलणारी उभी पट्टी) तारेची लांबी साधारण ३२८ मिलिमीटर असते. पडदे नाहीत. मोकळ्या तारेवरून एक पूर्ण स्वर वर जायचं तर पहिलं बोट नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर पडतं. तारेच्या मध्यावर, म्हणजे एक सप्तक वर गेलं की हेच अंतर १८ मिलिमीटर होतं. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. खालच्या जागेत बोट एक मिलिमीटर हललं तर सूर पाच सेंटने हलतो. सप्तकावर तेवढ्याच चुकीला दहा सेंट जातात. संथ ओळीत दहा सेंट कुणाही जाणत्याला ऐकू येतात. वरच्या पोझिशन्स अवघड का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता एक गंमत, जी रागसंगीत ऐकत वाढलेल्या घराला लगेच कळेल. ए तारेवर पहिल्या बोटाने बी वाजवा. तो शेजारच्या मोकळ्या ई तारेबरोबर वाजवला तर एका जागी तंतोतंत जुळतो. तेच बोट न हलवता मोकळ्या डी तारेबरोबर वाजवा: बेसूर लागतं, आणि बोट जवळजवळ साडेतीन मिलिमीटर मागे घ्यावं लागतं. दोन्ही बी बरोबरच आहेत. पहिला ए च्या ९/८ पट, दुसरा १०/९ पट. ए ला सा मानलं तर आपल्याकडचे चतुःश्रुती आणि त्रिश्रुती रिषभ हेच. पियानोवर मात्र बीची एकच पट्टी, आणि ती या दोहोंच्या मधे. व्हायोलिनवादकाला तिन्ही जागा माहीत हव्यात: एकट्याने चाल वाजवताना कुठे, क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या संचात) कुठे, पियानोबरोबर कुठे.

भजन, नाट्यगीत ऐकत वाढलेल्या मुलाचा कान इथे खरोखर उपयोगी पडतो. त्याला सूर ‘लागला’ की नाही हे आतून कळतं. आड येतात त्या दोन गोष्टी. एक, आपला सा हलता असतो. स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक स्वराची जागा कायमची ठरलेली. म्हणून वाचन सातव्या-आठव्या वर्षीच सुरू व्हावं, कानाने पाठ करून वाजवणं पक्कं व्हायच्या आधी. दुसरं, रागसंगीताचा वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं डोकं पायावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहून मींड घेतो. पाश्चात्त्य बैठकीत वाद्य गळपट्टीच्या हाडावर आणि जबड्याखाली राहतं, हात ठरलेल्या पोझिशन्समध्ये नेमका उडतो, आणि कंप मूळ सुरापासून किंचित खाली जाऊन परत येतो. दोन्ही शैली कानात असाव्यात. हात मात्र चौदा-पंधरा वर्षांपर्यंत एकाच बैठकीत ठेवा.

माप निवडताना मुलाचा डावा हात सरळ लांब करून व्हायोलिनचं डोकं तळव्यात येऊ द्या. बोटं डोक्याभोवती सहज वळली तर माप बरोबर. मनगट ताणलं जात असेल तर एक माप खाली या. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं वाद्य घेऊ नका. करंगळी पोचत नाही, मग मनगट आत कोसळतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. पूर्ण माप बहुतेकांना अकरा ते तेरा वर्षांच्या दरम्यान येतं.

स्वस्त वाद्य पेटीतून निघतं ते वाजवण्याजोगं नसतं, हे दुकानदार सहसा सांगत नाही. घोडी जाड आणि उंच असते, नटच्या खाचा उथळ असतात. पूर्ण मापावर फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या काळ्या पट्टीच्या) टोकाशी सर्वांत जाड, ‘जी’ (G) तार साधारण ५ ते साडेपाच मिलिमीटर उंच असावी आणि ई तार सुमारे साडेतीन. त्याहून फार जास्त असेल तर मुलाची बोटं दुखतात आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. घरचे समजतात, मुलाला आवड नाही. चांगल्या कारागिराकडून घोडी कापून घेतली की तेच वाद्य बदलतं. आत एक काठी उभी असते, साऊंड पोस्ट. घोडीच्या उजव्या पायामागे दोन-तीन मिलिमीटरवर. ती चिकटवलेली नसते, ताणावरच उभी राहते. म्हणून तारा बदलताना एकेक करून बदलायच्या. चारही एकदम काढल्या की पोस्ट पडू शकते आणि मग वाद्य बसकं वाजतं.

पावसाळा

व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे हवा त्याच्या कितीतरी वर असते. लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट होतात, तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात, सांधे सुटतात. सांधे ज्या सरसाने जोडलेले असतात तो मुद्दामच कमजोर ठेवलेला असतो, की ताण आला तर सांधा उघडावा, फळी फुटू नये. त्यामुळे कडेने बारीक फट दिसली तर घाबरू नका आणि फेव्हिकॉलही लावू नका. तो निघत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत लाकूडच सोलून येतं. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या आठवड्याला उन्हात किंवा तव्यावर सुकवा, आणि पेटी लाद्यांवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घोडी रोज बाजूने पाहा. सुरात लावताना तारा तिला फिंगरबोर्डकडे ओढतात. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकतात त्या पट्टीकडची) तिची बाजू पोटाच्या फळीला काटकोनात हवी. पुढे झुकलेली घोडी तशीच राहिली की वाकते, आणि एके रात्री कोसळते.

गजाचं दुखणं वेगळं. पावसात केस लांबतात; स्क्रू पूर्ण फिरवला तरी ताण येत नाही. मग कारागीर केस आखूड बांधून देतो. तोच गज डिसेंबरात युरोपात नेला, जिथे हिटरमुळे खोलीतली आर्द्रता तीसच्याही खाली जाते, की केस आकसतात. स्क्रू पूर्ण सैल करूनही काडी ताणलेली राहते आणि गजाचं डोकं तुटू शकतं. ऑडिशनला जाणाऱ्याने केस बदलायचे ते कोरड्या महिन्यात, आणि शक्य तर तिकडे पोचल्यावर. वाद्यासाठी पेटीत ओल धरणारी ट्यूब ठेवायची, म्हणजे इथे जे करतो त्याच्या बरोबर उलट.

सराव

दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज दीड-दोन तास, चौदापासून पुढे साडेतीन-चार. चाराच्या वर गेलं की फायदा कमी आणि दुखापत जास्त. पन्नास मिनिटांचे तुकडे पाडा, मधे दहा मिनिटं हात पूर्ण खाली. चार तासांची एक चांगली वाटणी अशी: पाऊण तास स्केल्स, कार्ल फ्लेशच्या पद्धतीने रोज एक सूर घेऊन, दोन तारांवर एकदम वाजवायच्या तिसऱ्या, सहाव्या आणि ऑक्टेव्हच्या जोड्यांसकट, पाऊण तास एत्यूद, सव्वा तास कॉन्चेर्तो, अर्धा तास एकट्या व्हायोलिनचा बाख, उरलेला वेळ वाचन आणि क्वार्टेटचे भाग.

उजव्या हाताकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं, आणि कॉन्सर्टवादक ओळखला जातो तो उजव्या हाताने. गजाचे केस साधारण ६५ सेंटीमीटर. आवाज ठरतो तीन गोष्टींवर: गजाचा वेग, तारेवरचं वजन, आणि घोडी ते फिंगरबोर्ड यांमधली वाजवण्याची जागा. वेग वाढवला आणि जागा घोडीजवळच ठेवली तर आवाज शिट्टीसारखा फुटतो. वजन वाढवलं आणि वेग मंदावला तर करकरतो. आरशासमोर मोकळ्या तारेवर गज घोडीला समांतर ठेवून एक पूर्ण गज चार ठोके, मग आठ, मग सोळा, मेट्रोनोम ६० वर. सोळाला टोकाजवळ आवाज थरथरला तर करंगळी आणि अंगठा ताठ झाले आहेत असं समजा. हा व्यायाम रोज दहा मिनिटं केलेला मुलगा वर्षभरात वेगळा ऐकू येतो.

अवघड जागा सुरुवातीपासून वाजवत तिथवर जाण्याने सुटत नाही. लिपीतली दोन मापं (बार) उचला, मेट्रोनोम अर्ध्या वेगाला आणा, सलग पाच वेळा निर्दोष झालं तरच चार अंक वाढवा. एक चूक झाली की मोजणी पुन्हा एकपासून. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कानाला जे लय वाटतं ते बऱ्याचदा पळणं असतं.

दुखणं लपवू देऊ नका. डाव्या मानेत, उजव्या खांद्यात किंवा मनगटात दोन दिवसांपेक्षा जास्त दुखलं तर सराव थांबवून आधी चिनरेस्टची उंची आणि शोल्डर रेस्ट तपासा. लांब मानेच्या मुलांना उंच चिनरेस्ट लागतो. शोल्डर रेस्टच उंच करत गेलं तर वाद्य वर चढतं आणि उजवा खांदा दिवसभर उचललेला राहतो.

गोव्यात काय कमी पडतं

शिक्षक आहेत, परीक्षा आहेत, जुन्या गोव्यातल्या माउंटच्या कपेलसारखी अप्रतिम घुमणारी जागा आहे. कमी आहेत ते सोबती. कॉन्चेर्तो हा एकट्याचा तुकडा नाही. पियानोवादकाबरोबर महिन्यातून निदान दोनदा बसल्याशिवाय आपला भाग हार्मनीत कुठे ताणतो, कुठे सुटतो, हे मुलाला कळत नाही. म्हणून स्वतःच्या भागाबरोबर पूर्ण स्कोअरही (सगळ्या वाद्यांचे भाग एकत्र लिहिलेली प्रत) विकत घ्या आणि उरलेले आवाज गाऊन पाहायला लावा. चार मुलं मिळाली तर हायडनचं क्वार्टेट सुरू करा. ग्रेडच्या वर्षातही ते सोडू नका. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हंगामात तिथे जाऊन निदान एक-दोन मैफली समोर बसून ऐकणं, शक्य तर त्यातल्या वादकांकडून धडे घेणं, हे रात्रीच्या बसइतक्या अंतरावर आहे.

मुलाला पुढचा शिक्षक सुचवतो तो शिक्षक मोठा. आठव्या ग्रेडपर्यंत उत्तम शिकवणारा माणूस पगानिनीपर्यंत नेईलच असं नाही, आणि त्यात त्याचा कमीपणाही नाही. बारा-तेराव्या वर्षी हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला जावा. त्याच वयात इंग्लंडमधल्या सरेतली येहुदी मेन्युहिन स्कूल (स्थापना १९६३) किंवा मँचेस्टरची चेथम्स यांसारख्या निवासी शाळांचा विचार करता येतो. नाहीतर उन्हाळी वर्ग आणि त्यांच्या मधे ऑनलाइन धडे. ऑनलाइन धड्यात फोनच्या आवाज-सुधारणा बंद ठेवा, नाहीतर हळू वाजवलेलं सगळं गोंगाट समजून कापलं जातं.

प्रवेश

बहुतेक ठिकाणी मागणी सारखीच: बाखच्या एकट्या व्हायोलिनच्या सहा रचनांपैकी (हस्तलिखित १७२० सालचं) दोन वेगळ्या चालीचे भाग, एक रोमँटिक कॉन्चेर्तोचा पहिला भाग, बऱ्याचदा मोझार्ट, आणि एक काप्रिस, पगानिनीचा असला तर उत्तम. ब्रिटनचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि ऑडिशन नोव्हेंबर-डिसेंबरात. अमेरिकेत १ डिसेंबरच्या आसपास आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून निवडलेल्यांना जानेवारी ते मार्चमध्ये बोलावणं. म्हणजे पावसाळ्यातच रेकॉर्डिंगची तयारी. एका भागाचं रेकॉर्डिंग जोडून चालत नाही, सलग हवं. हात आणि गज कॅमेऱ्यात दिसायला हवेत. पंख्याचा आवाज आणि छपरावरचा पाऊस परीक्षक माफ करत नाहीत, जागा आधीच ठरवा.

कॉलेज निवडू नका, शिक्षक निवडा. चारही वर्षं आठवड्याला एक तास ज्याच्यासमोर उभं राहायचं तो माणूस हेच खरं कॉलेज. अर्जाच्या आधी त्याला पत्र लिहून एक धडा मागायचा, ही तिकडची रीत आहे.

पैशांचं गणित देशागणिक पार बदलतं. लंडनच्या मोठ्या संस्थांमध्ये परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी २५ हजार पौंडांच्या वर, राहणं वेगळं. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत १९२८पासून कुणाकडूनच शिकवणी फी घेत नाहीत, पण जागा मूठभर. जर्मनीच्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फक्त सहामाही वर्गणी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सहामाहीला १५०० युरो. व्हिसासाठी मात्र ब्लॉक्ड (पैसे हवे तसे काढता न येणाऱ्या) खात्यात वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४पासून ११,९०४ युरो, आणि बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची परीक्षाही. जर्मन दहावीनंतर लगेच सुरू करा.

गोवेकरांपुढे आणखी एक प्रश्न असतो, पोर्तुगीज पासपोर्टचा. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना नोंदणीची वाट आहे. हा पासपोर्ट असला की युरोपीय संघात काम करायला व्हिसा लागत नाही, जर्मनीतली वर सांगितलेली जादा फी चुकते. ब्रिटनमध्ये मात्र ब्रेक्झिटनंतर फीत फायदा उरला नाही. दुसऱ्या पारड्यात भारतीय नागरिकत्व जातं. नियम बदलत राहतात. ऑडिशनच्या निकालाआधी घाईत हा निर्णय घेऊ नये, एवढंच ठामपणे सांगता येईल.

स्पर्धा

मोठ्या स्पर्धा मोजक्या: ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ, हेलसिंकीची सिबेलियस, पोझनानची विएन्याव्हस्की, जिनोव्हाची पगानिनी, अमेरिकेतली इंडियानापोलिस, आणि बावीसच्या आतल्यांसाठी मेन्युहिन. १९५८पासूनची मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा २०२२ साली संगीत स्पर्धांच्या जागतिक महासंघाने आपल्या यादीतून काढली. ब्रुसेल्सची अंतिम फेरी समजून घेतली की या पातळीवर काय मागतात ते कळतं. बारा जण उरतात. त्यांना जवळच्या वॉटर्लूमधल्या संगीतगृहात आठवडाभर ठेवतात, फोनशिवाय, शिक्षकाशिवाय. हातात एक नवा, कुणीच न ऐकलेला कॉन्चेर्तो देतात. आठवड्यात तो शिकून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचा, शिवाय स्वतःच्या निवडीचा एक. जो फक्त शिक्षकाच्या बोटाला धरून शिकला तो इथे अडतो. वाचन, स्कोअर समजणं, स्वतःची बोटं स्वतः ठरवणं, या लहानपणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी इथे मोजल्या जातात.

स्पर्धा जिंकल्याने दोन हंगामांचे कार्यक्रम मिळतात. तिसऱ्या हंगामात तेच आयोजक पुन्हा बोलावतात का, यावर पुढचं ठरतं.

काम आणि पैसा

एकल वादकाचा आठवडा साधारण असा जातो. मैफलीच्या दोन-तीन दिवस आधी पोचायचं. संचालकाबरोबर (कंडक्टर) अर्धा-पाऊण तास, बहुतेक पियानोवर, लयी आणि थांबे ठरवायचे. ऑर्केस्ट्राबरोबर एक तालीम, मैफलीच्या दिवशी सभागृहात रंगीत तालीम, आणि संध्याकाळी वाजवायचं. ब्राम्सचा कॉन्चेर्तो चाळीस मिनिटांचा, आणि त्यासाठी सगळे मिळून तीन-चार तास. युरोपात बरेच ऑर्केस्ट्रा ए ४४२ किंवा ४४३ हर्ट्झला लावतात, ४४०ला नव्हे. घरी त्याच सुराचा सराव नसेल तर पहिला दिवस कान जुळवण्यात जातो. एका हंगामात पाच-सहा कॉन्चेर्तो कधीही वाजवता येतील असे तयार हवेत. कारण नव्या वादकाला मोठी संधी मिळते ती बहुतेक कुणीतरी आजारी पडल्यावर, आदल्या दिवशी फोन येऊन.

व्यवस्थापक मानधनातून १५ ते २० टक्के घेतो. उरलेल्यातून कर जातो: जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून अधिभारासह १५.८२५ टक्के जागेवरच कापले जातात. त्याचा दाखला मागून घ्या. दुहेरी कर करारानुसार भारतात तो दाखवावा लागतो.

फक्त एकल वादनावर जगणारे फार थोडे. बाकीचे उत्तम व्हायोलिनवादक ऑर्केस्ट्रात, क्वार्टेटमध्ये, शिकवण्यात असतात, आणि हे आयुष्य कमी प्रतीचं मानणं आपण सोडायला हवं. ऑर्केस्ट्राच्या नोकरीची परीक्षाही सोपी नाही. पहिल्या फेरीत बऱ्याच ठिकाणी पडद्यामागून मोझार्टच्या चौथ्या किंवा पाचव्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग, मग रोमँटिक कॉन्चेर्तो, मग ऑर्केस्ट्राचे उतारे: श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान, मोझार्टची एकोणचाळिसावी सिम्फनी, शुमानच्या दुसऱ्या सिम्फनीतला स्केर्झो. मोझार्टच्या पहिल्या दोन मिनिटांतच बहुतेक जण गळतात. तिथे लपायला जागा नाही. जर्मनीत निवड झाल्यावरही साधारण एक वर्ष परीक्षेचं, शेवटी सहकारी मत देतात. हे उतारे तिकडची मुलं सोळाव्या वर्षापासून वाजवतात. आपल्याकडे कुणी सांगतच नाही.

वाद्य घेऊन प्रवास

व्हायोलिन सामानात टाकायचं नाही. लांबट पेटी ८० सेंटीमीटरच्या आसपास भरते, केबिनची ठरलेली मर्यादा ५५ची. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या विमान कंपनीचा वाद्यांबद्दलचा नियम छापून जवळ ठेवा. तारा अर्धा-एक स्वर सैल करा, त्याहून जास्त नको, नाहीतर पोस्ट हलते. भारतातून निघताना कस्टम्सकडून वाद्याचा निर्यात दाखला घेतला नाही तर परतताना ते विकत आणलं असं समजून शुल्क मागितलं जाऊ शकतं. विमा घरातल्या चोरीपुरता नको, प्रवास आणि उसनं वाद्य दोन्ही धरणारा हवा. कारण मोठ्या मंचावरची जुनी इटालियन वाद्यं बहुतेक वादकांच्या मालकीची नसतात. निप्पॉन म्युझिक फाउंडेशनसारख्या संस्था ती ठराविक मुदतीसाठी देतात आणि मुदत संपली की परत घेतात.

चांगला गज ब्राझीलच्या परनाम्बुको लाकडाचा असतो, आणि हे झाड २००७पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. जुन्या गजाच्या टोकावर हस्तिदंत, मुठीवर कासवाचं कवच असू शकतं. अमेरिकेच्या सीमेवर असा गज जप्त होऊ शकतो. साइट्सचं वाद्य-प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ते मिळवायला वेळ लागतो, आणि त्यासाठी गज कोणत्या लाकडाचा, टोक कशाचं, हे कारागिराकडून लेखी घ्यावं लागतं. दौऱ्याला ज्यांच्याकडे असे कागद नाहीत ते कार्बन फायबरचा गज नेतात आणि लाकडाचा घरी ठेवतात.